चेनचा आवाज आला की लगेच ताणू नका



कपाशीचं पान पिवळं पडलं की आपल्याकडे पहिला हात युरियाच्या गोणीकडे जातो. मुळाशी पाणी साचलंय का, मूळ कुजलंय का, हे कोणी उपटून बघत नाही. मोटारसायकलच्या चेनचंही आपण तेच करतो. खडखड आली की गाडी गॅरेजवर, पोरगा पाना घेऊन येतो, दोन आटे फिरवतो, आवाज बंद. वीस-तीस रुपये दिले की झालं. आणि सहा महिन्यांनी चेन सेट बदलायची वेळ आली की कंपनीला शिव्या. आज पिकावर नाही, या चेनवर लिहितोय. तसं पाहिलं तर हाही शेतीच्या अवजाराचाच विषय आहे.

कारण आपली गाडी रस्त्यावर कमी आणि वावरात जास्त चालते. १९९४ साली स्प्लेंडर आली तेव्हा ती ऑफिसला जाणाऱ्या माणसासाठी असेल. आपल्याकडे तिच्यावर दुधाच्या कॅन, युरिया, पाठीवरचा फवारणी पंप, केळीच्या कंदांची पोती, ड्रिपच्या लॅटरलचे वेटोळे आणि वर घरातली दोन माणसं असा संसार चालतो. तोही पाणंद रस्त्यावर, नाल्यातून, बांधावरून. सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली. ज्यांच्या शिवारात रस्ता झाला ते सुटले. बाकीच्यांनी पुढचं नीट वाचा.

आधी चेन झिजते म्हणजे काय होतं ते समजून घेऊ. आपण म्हणतो चेन 'लांबली'. पण लोखंडाच्या पट्ट्या ताणून लांब होत नाहीत. प्रत्येक कडीत एक पिन असते, पिनवर बुश, बुशवर फिरणारा रोलर. ही बुशवाली रचना हान्स रेनॉल्ड या माणसाने १८८० मध्ये इंग्लंडात पेटंट केली, आणि आजही आपल्या गाडीखाली तीच आहे. कडी स्प्रॉकेटवर वळते तेव्हा पिन बुशमध्ये थोडीशी फिरते. तिथे तेल नसेल आणि माती असेल तर दोन्ही घासतात. एका सांध्यात केसाएवढी, म्हणजे ०.०५ मिलिमीटर झीज धरा. १०४ कड्यांची चेन असेल तर सगळी मिळून पाच मिलिमीटरच्या वर जाते. ही झीज बाहेरून दिसत नाही, बाहेरून चेन चकाचक असू शकते. म्हणून तेल बाहेर चोपडून उपयोग नाही, ते पिन आणि बुशच्या मधे गेलं पाहिजे.

आता आपल्या खान्देशातच दोन वेगळे आजार आहेत.

रावेर, यावल, चोपडा या तापीकाठच्या पट्ट्यात खोल काळी माती. यातली चिकणमाती मॉन्टमोरिलोनाइट प्रकारची, पाणी प्यायली की फुगते. कृषी सहायकांना हे सांगायला नको, पण गाडीवाल्यांनीही समजून घ्यावं. जूनच्या पहिल्या दोन पावसांनंतर ही माती टायरला धरते, मडगार्डमध्ये भरते आणि तिथून पुढच्या स्प्रॉकेटच्या झाकणात. झाकणात जागा बोटभर. गारा तिथे दाबला जातो आणि दुसऱ्या दिवशी उन्हाने वाळून वीट होतो. मग चेनला जायला वाट राहत नाही. ती गाऱ्यावर चढते, दात सोडते, उतरते. मालक म्हणतो चेन ढिली होती म्हणून उतरली, आणि ताणून घेतो. आत वीट तशीच.

धुळे, साक्री, शिंदखेडा पट्ट्यातल्या माळरानावर उलटं. तिथे मुरूम. मुरमाचा कण चिकटत नाही, पण टोकदार असतो. उन्हाळ्यात गाडवाटेला जो घोट्याएवढा फुफाटा असतो, तो चेनवरच्या तेलकट थरात बसतो आणि तेल व फुफाटा मिळून पॉलिश पेपरसारखी पेस्ट तयार होते. तिथे चेन उतरत कमी, झिजते जास्त. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की तेल पातळ होऊन उडून जातं आणि कोरडी चेन मुरमात चालते. त्यामुळे साक्रीच्या पाहुण्याने सांगितलेला उपाय रावेरात चालेलच असं नाही, आणि रावेरचा साक्रीत. काळ्या मातीत मुख्य काम आहे गारा काढायचं, मुरमात मुख्य काम आहे पुसून ताजं तेल द्यायचं.

इथे चेन कव्हरचा वाद येतो. पावसाळ्यात गारा भरतो म्हणून पुष्कळ जण पूर्ण चेन कव्हर काढून घराच्या माळ्यावर टाकून देतात. मला ते पटत नाही. एक तर मागे बसलेल्या बाईचा पदर, पोरीची ओढणी. आपल्याकडे असे अपघात होतात आणि ते साधे नसतात. दुसरं, वर्षातले आठ महिने आपल्याकडे धूळ आहे, त्यात कव्हरच चेन वाचवतं. कव्हर ठेवा, पण पावसाळ्यात ते उघडून साफ करा. मी गारा लागेल त्या आठवड्यात एकदा उघडतो. कव्हरला खाली एक रबरी बूच असतं, चेनचा ताण पाहण्यासाठी दिलेलं. तेच हरवलेलं असतं आणि त्या भोकातून सगळा चिखल आत जातो. बूच पाच-दहा रुपयांना मिळतं.

आता आवाजाचं. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन बंद, न्यूट्रल. मागचं चाक हाताने सावकाश फिरवा आणि मोजा. चाकाच्या व्हॉल्व्हवर खडूने खूण केली तर बरं पडतं. 'कट' असा आवाज किंवा अडखळणं चाकाच्या प्रत्येक फेरीला त्याच जागी येत असेल, तर दोष मागच्या स्प्रॉकेटमध्ये, चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा ब्रेक ड्रममध्ये. मागे ४२ दाते आणि चेनला १०४ कड्या असतील, तर चेनची एक फेरी पूर्ण व्हायला चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. म्हणजे अडीच फेऱ्यांना एकदा आवाज आला तर दोष चेनच्याच एखाद्या कडीत, बहुधा गंजून आखडलेल्या. ती कडी शोधायला खालच्या बाजूला पाहा. स्प्रॉकेटवरून सुटल्यावर सरळ होण्याऐवजी ती वाकडीच राहते. आणि चाकाच्या एका फेरीत तीनदा आवाज येत असेल तर पुढचं छोटं स्प्रॉकेट बघा, कारण १४ दात्यांचं असेल तर ते चाकाच्या एका फेरीत तीन वेळा फिरतं. दाते वेगळे असतील तर आपल्या गाडीचा हिशोब करून घ्या, गणित साधं आहे.

या मोजणीला दोन मिनिटं लागतात. गॅरेजवर गर्दी असते, तिथे कोणी मोजत नाही. घरी शांतपणे करा.

एक आवाज चेनचा वाटतो पण चेनचा नसतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की मागून 'धप' असा झटका, ॲक्सिलरेटर सोडून परत दिला की परत झटका. चेन नीट असूनही हे होत असेल तर मागच्या ड्रममधले रबर गेलेत. गॅरेजवाले त्यांना कपलिंग रबर म्हणतात. वजन ओढून ओढून ते दबतात, फाटतात. चाक स्टँडवर असताना मागचं स्प्रॉकेट हाताने पुढे-मागे हलवून पाहा. चाक जागेवर आणि स्प्रॉकेट मोकळं हलतंय असं झालं तर रबर बदला. चेन ताणून हा झटका जात नाही, उलट झटक्याचा सगळा मार चेनवर येतो.

ढिली चेन ओळखू येते. खड्ड्यात कव्हरला आपटते, खडखडते, कधी उतरते. माणूस काहीतरी करतोच. घट्ट चेन मात्र आवाज करत नाही. गाडी छान, गप्प चालते, म्हणून मालक खूश. आणि मी आमच्या भागात जेवढे चेन सेट वेळेआधी बाद झालेले पाहिलेत, त्यातले बरेच घट्ट चेनने गेलेले आहेत.

कारण असं. पुढचं स्प्रॉकेट, मागचा चिमटा ज्या बोल्टवर वर-खाली होतो तो बोल्ट, आणि मागच्या चाकाचा ॲक्सल, हे तीन बिंदू धरा. रिकामी गाडी उभी असते तेव्हा ॲक्सल खाली असतो. वजन टाकलं की शॉकॲब्सॉर्बर दबतात, ॲक्सल वर येतो आणि एका ठिकाणी हे तीनही बिंदू एका रेषेत येतात. पुढचं स्प्रॉकेट बोल्टच्या पुढे असल्यामुळे, तिथे पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटमधलं अंतर सगळ्यात जास्त होतं. म्हणजे चेन तिथे सगळ्यात ताणलेली. रिकाम्या गाडीवर ज्या चेनला बोटभर झोल दिसत होता, तिला युरियाच्या दोन गोण्या टाकल्यावर झोल उरत नाही. २०१८ पासून युरियाची गोणी ४५ किलोची आहे, दोन झाल्या ९०, चालवणारा ६०-७०, आणि त्यात नाल्याचा दणका. त्या दणक्याला चेन आधीच तंग असेल तर सगळा झटका जातो पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर.

आमच्या वस्तीवरून एक दूधवाले जिभाऊ जायचे. रोज दोन्ही वेळा, दोन्ही बाजूंना कॅन. त्यांच्या गाडीचं पुढच्या स्प्रॉकेटमागचं ऑईल सील एका वर्षात तीनदा गेलं. प्रत्येक वेळी सील बदललं आणि प्रत्येक वेळी चेन 'मस्त टाईट' करून मिळाली. शेवटी शाफ्टचं बेअरिंग गेलं, इंजिन उघडावं लागलं. गाडी चार दिवस गॅरेजवर आणि दूध भाड्याच्या गाडीने डेअरीवर. खर्च सोडा, पण दोन घरं त्यांच्याकडून सुटली ती परत आली नाहीत. नवीन बेअरिंग बसल्यावर मी त्यांना एवढंच सांगितलं, जिभाऊ, कॅन भरलेल्या असताना झोल बघा. भरल्या गाडीवर चेन तारेसारखी होती. तीनदा सील का गेलं याचं उत्तर तिथेच होतं.

म्हणून माझी पद्धत. १०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत खालच्या बाजूच्या चेनचा मधोमध झोल २० ते ३० मिलिमीटरच्या घरात सांगितलेला असतो. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघा, तोच धरा. ज्यांची गाडी रोज वजन ओढते त्यांनी त्या मापातल्या सैल टोकाला राहावं. आणि माप घेतल्यावर दोन माणसांना सीटवर बसवून, गाडी जमिनीवर ठेवून, परत बोट लावून बघावं. तेव्हाही चेन थोडी हलली पाहिजे. हलत नसेल तर ती घट्ट आहे, पुस्तिका काहीही म्हणो.

झोल एकाच जागी मोजू नका. चाक पाव-पाव फेरी फिरवून चार-पाच ठिकाणी बघा. झिजलेली चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल असते. माप घट्ट जागेवर घ्यायचं, सैल जागेवर नाही. गॅरेजवर नेमकं उलटं होतं, कारण आवाज सैल जागेमुळे येतो आणि पोरगा तीच जागा ताणतो. दोन्हीतला फरक फार असेल तर ताणण्यात अर्थच नाही, चेन संपली.

संपली की नाही हे पट्टीने कळतं. आपल्या बहुतेक कम्यूटर गाड्यांना ४२८ नंबरची चेन असते, कडीच्या पट्टीवर कोरलेलं दिसतं. तिचं एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. म्हणजे २० कड्या बरोबर १० इंच, २५४ मिलिमीटर. खालची चेन हाताने ताणून धरा, एक पिन शून्य धरून तिथून विसावी पिन मोजा. २५६-२५७ आलं तर नव्या सेटचे पैसे बाजूला ठेवायला लागा, २५९ आलं तर चेन गेलीच. दुसरी खूण, मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढा. दाताचा अर्धा भाग उघडा दिसला तर संपलं. दाते बाभळीच्या काट्यासारखे एका बाजूला झुकले असतील तर तेही संपलेत.

बदलताना तिन्ही बदला, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट. 'फक्त चेन टाकतो' म्हणणारे पुष्कळ भेटतात. जुने दाते झिजलेल्या चेनच्या मापाने झिजलेले असतात, नव्या चेनच्या कड्या त्यावर नीट बसत नाहीत आणि नवी चेन लवकर जुनी होते. साध्या गाडीचा पूर्ण सेट हजार-पंधराशेच्या घरात येतो.

चेन ताणताना मागच्या चाकाची रेष बघा. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवायच्या असं सांगतात, पण ज्या गाडीचा चिमटा एकदा वाकलाय तिच्या खुणा खोट्या असतात. मागे उकिडवं बसून स्प्रॉकेटवरून पुढे नजर टाका, सरी सरळ आहे का बघतो तशी. चेन वाकडी जात असेल तर दात एका बाजूने चकाकलेले दिसतात. चाक मागे सरकलं की मागचा ब्रेकही घट्ट होतो, तो परत सेट करा. ॲक्सलचा नट नीट आवळा आणि पिन असेल तर ती टाका. हे शेवटचं विसरून निघालेली गाडी मी पाहिली आहे, भरल्या रस्त्यावर चाक तिरकं झालं होतं. माणूस वाचला.

तेलाबद्दल. आपल्याकडे गाडीचं किंवा ट्रॅक्टरचं जळालेलं ऑईल बाटलीत ठेवलेलं असतं आणि तेच ब्रशने चेनवर जातं. फुकटचं असतं, मान्य आहे. पण त्यात काजळी आणि इंजिनातल्या झिजेचे बारीक कण असतात आणि ते फार पातळ झालेलं असतं. चेनवर टिकत नाही, मागच्या टायरवर उडतं. ग्रीसही नको. ते बाहेरच बसतं, आत पिनपर्यंत जात नाही आणि फुफाटा मात्र गोळा करतं. एसएई ९० गिअर ऑईल वापरा, अर्धा लिटर वर्षभर पुरतं. गाडी थोडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना, खालच्या चेनच्या आतल्या बाजूने पट्ट्यांच्या सांध्यावर थेंब-थेंब सोडा आणि चाक फिरवा. दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने वरचं पुसून टाका. वरचं तेल धुळीसाठीच असतं, ते ठेवून फायदा नाही. रात्री तेल द्या आणि सकाळी गाडी काढा, हे सगळ्यात चांगलं.

धुवायचं असेल तर रॉकेल किंवा डिझेल आणि जुना दात घासायचा ब्रश. पेट्रोल नको. मोठ्या गाड्यांच्या ओ-रिंग चेनला तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही नको, आतले रबर जातात. एचटीपी पंपाचा फवारा चेनवर जवळून मारू नका. माती निघते तशी पाणी आत जातं. धुतल्यावर वाळवून तेल दिलंच पाहिजे, धुऊन तशीच ठेवलेली चेन सकाळी तांबूस झालेली असते.

केळीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. आपण पोटॅश भरपूर वापरतो. पांढरा किंवा लाल म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाच्याच घरातला. फाटक्या गोणीतून तो चेनवर सांडला आणि वर रिमझिम झाली की दोन दिवसांत कड्या आखडतात. 'चेनला एवढा गंज कसा?' म्हणून मला विचारायला आलेल्या तिघांपैकी दोघांनी आदल्या आठवड्यात पोटॅश वाहिला होता. गोणी वाहिल्यावर चेनवर आणि चाकावर साधं पाणी ओता, वाळवा, तेल द्या. विद्राव्य खताच्या पिशव्या फुटल्या तरी तेच.

आणखी एक केळीचंच. वाळलेली सोपटं, घड आणि झाड बांधायच्या प्लॅस्टिक पट्ट्या, सुतळी, मल्चिंग पेपरचे तुकडे, हे सगळं बागेच्या वाटेवर पडलेलं असतं. ते चाकात येतं आणि पुढच्या स्प्रॉकेटच्या शाफ्टभोवती गुंडाळलं जातं. बाहेरून काही दिसत नाही. प्लॅस्टिकची पट्टी तापून वितळते आणि सीलच्या कडेत घुसते. इंजिनखाली डाव्या बाजूला तेलाचा डाग दिसला तर सील बदलण्याआधी झाकण उघडून पट्टी आहे का बघा. कपाशीवाल्यांच्या वावरात पऱ्हाटीचा तुकडा हेच काम करतो, तोही चेन आणि दाताच्या मधे आला तर चेन हमखास उतरवतो.

हल्ली काही पोरं मोटारसायकलमागे कोळपं ओढतात. गुजरातमधल्या अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी बुलेटचं मागचं चाक काढून तिथे अवजार जोडून 'बुलेट सांती' केली, ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांनी गाडी त्या कामासाठी बदलून घेतली होती. साध्या १०० सीसीच्या गाडीने पहिल्या गिअरमध्ये दिवसभर कोळपं ओढाल तर चेनवर सगळ्यात जास्त ओढ त्याच गिअरमध्ये येते हे धरून चाला. दिवसातून दोनदा तेल आणि संध्याकाळी झोल, एवढं तरी करा.

आता जे लिहितोय ते पोरांना वाचून दाखवा. इंजिन चालू, गाडी स्टँडवर, गिअरमध्ये टाकलेली, चाक आपोआप फिरतंय आणि हातात फडकं धरून चेन पुसायची. काम लवकर होतं म्हणून सगळे असंच करतात. शेजारच्या गावातल्या एका अकरावीतल्या पोराची उजव्या हाताची दोन बोटं याच कामात पेरापासून गेली. फडकं चेनने आत ओढलं आणि फडक्यासोबत हात. चेन आणि स्प्रॉकेटची जी चिमट आहे ती चारा कटरसारखी आहे, डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर होतं. त्या मुलाला पोलीस भरतीला जायचं होतं. इंजिन बंद, चावी खिशात, चाक हाताने फिरवायचं. हाताने फिरवतानाही बोटं स्प्रॉकेटपासून लांब आणि फडकं खालच्या मोकळ्या चेनवर.

राहिला वाटेत चेन गेल्याचा विषय. ज्यांच्या फीडरला अजून रात्रपाळीची लाईट आहे, त्यांना रात्री दोनला मोटर चालू करायला जावंच लागतं. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, तेव्हापासून गिरणाकाठी रात्री गाडी बंद पडणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. चेन उतरली तर आधी इंजिन बंद. किक मारून किंवा गाडी पुढे ढकलून चेन बसवायला जाऊ नका, ती पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन इंजिनाचं चेंबर फोडू शकते. गाडी न्यूट्रलमध्ये मेन स्टँडवर घ्या, अडकली असेल तर चाक हाताने उलटं फिरवून सोडवा. मग चेन मागच्या स्प्रॉकेटच्या वरच्या दात्यांवर अडकवून चाक उलटंच सावकाश फिरवा. दाबायला बोट नको, पाना किंवा काडी. बसली तरी तशीच जोरात निघू नका, का उतरली ते टॉर्चने पाहा. गारा असेल तर काडीने उकरा.

तुटली तर बहुतेक वेळा लॉकपाशी सुटलेली असते. लॉकची क्लिप बसवताना तिचं बंद टोक चेन जाते त्या दिशेला आणि उघडं टोक मागे, हे पाठ करा. उलटी बसवलेली क्लिप वाटेत काही लागलं की निघून पडते. लॉकची पट्टी आणि पिन शिल्लक आणि फक्त क्लिप हरवली असेल तर बाइंडिंग वायरचे दोन वेढे घालून, वजन उतरवून, चालण्याच्या वेगाने घरापर्यंत येता येतं, तेवढंच. डिकीत एक पक्कड, ॲक्सलच्या मापाचे पाने, थोडी तार आणि ४२८ चं एक जादा लॉक ठेवा. लॉक किरकोळ पैशात मिळतं, पण रात्री दोनला कोणतंही दुकान उघडं नसतं. मी एक डिकीत ठेवतो आणि एक विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत, ग्रीस लावून, विद्राव्य खताच्या रिकाम्या पिशवीचा तुकडा कापून त्यात गुंडाळून. पिशवी आधी नीट धुऊन घ्या.